डांबरगोळ्यांच्या वासाचा रस्ता

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरासमोर पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला. मेलबर्नचं हे जुनं उपनगर, रस्तेही तितकेच जुने. नारिंगी जाकिटं घातलेली चार माणसं, एक छोटं यंत्र आणि भोवती प्लास्टिकचे अडथळे. दीड दिवसात काम आटोपलं. तेवढ्यात शेजारचे आजोबा तीनदा येऊन चरात डोकावून गेले. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत चालतात. काय बघताय, असं विचारल्यावर त्यांनी काठीनं चराची कड दाखवली. वर चार बोटं काळं डांबर, त्याखाली करड्या खडीचा थर, आणि त्याच्याही खाली एकमेकांना खेटून बसलेले काळे चिरे. "या दगडांवरून मी शाळेत जायचो," ते म्हणाले. मग खोल श्वास घेतला आणि मान हलवली. "पण तो वास नाही."

ऑस्ट्रेलियात त्यांच्या पिढीच्या कुणाशीही १९५० च्या आसपासच्या शहराबद्दल बोलायला बसा, बोलणं फिरून फिरून रस्त्यावर येतं. डांबराची भट्टी, खड्ड्याभोवतीचे लाल कंदील, ट्रामची घंटा, दूधवाल्याचा घोडा. मला सुरुवातीला याचं नवल वाटायचं. आपण रस्ता खणलेला दिसला की कपाळाला हात लावतो. रस्त्याच्या कामाची कुणी इतक्या मायेनं आठवण काढतं का? मग एकेक गोष्ट समजून घेत गेलो आणि उलगडा झाला. तेव्हाचा रस्ता लोकांच्या डोळ्यांदेखत, माणसांच्या हातांनी घडत होता. त्याचे तुकडे घरात येत होते, चुलीत जळत होते, पोरांच्या तळपायांना चिकटत होते. जीव जडला तो त्यामुळे.

आधी त्या वासाचं बघू, कारण सगळ्यात जास्त आठवण त्याचीच निघते. आपण मराठीत दोन वेगळ्या पदार्थांना डांबरच म्हणतो. एक कोळशापासून निघतं, दुसरं खनिज तेलापासून. कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. मेलबर्न आणि सिडनीत कित्येक घरांच्या शेगड्या या वायूवर चालत. शहरात ठिकठिकाणी त्याचे कारखाने होते, त्यांना गॅसवर्क्स म्हणत. वायू नळानं घरोघरी जाई आणि मागे दोन गोष्टी उरत: कोक, म्हणजे वायू निघून गेल्यावर उरलेला जळाऊ कोळसा, आणि एक घट्ट, काळा, उग्र वासाचा द्रव. हे कोळशाचं डांबर. आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेल्या डांबरगोळ्या आठवा. त्यांना ते नाव उगाच पडलेलं नाही. त्यांतलं नॅफ्थलीन याच डांबरातून काढत. कार्बोलिक साबणाचा वासही याच घराण्यातला. तेव्हा १९५० मध्ये मेलबर्नच्या एखाद्या गल्लीत भट्टी पेटली की कसा वास सुटत असेल, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. जुनी ट्रंक उघडायची आणि त्यात थोडा धूर मिसळायचा.

म्हणजे बायका ज्या वायूवर स्वयंपाक करत, त्याच वायूचा चोथा दारापुढच्या रस्त्यावर पसरला जाई. मला हे फार विलक्षण वाटतं. शहरात काही वाया जात नव्हतं. पुढे खनिज तेलाच्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, मेलबर्नजवळच्या जिलाँगची १९५४ मध्ये सुरू झाली, आणि रस्त्यांसाठी तेलापासूनचं डांबर, म्हणजे बिटुमेन, हळूहळू सगळीकडे आलं. मेलबर्नमध्ये १९६९ पासून आणि सिडनीत १९७६ पासून नैसर्गिक वायू नळातून येऊ लागला, तशी गॅसवर्क्स बंद पडली आणि कोळशाचं डांबरही गेलं. आजोबांचं नाक बरोबर सांगत होतं. आज रस्त्यावर घालतात तो पदार्थच वेगळा आहे. आणि तो गेला ते बरंच झालं, कारण कोळशाच्या डांबरात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं भरपूर असतात. तेव्हा मात्र त्याचा धूर औषधी मानत. डांग्या खोकला झालेल्या पोराला आया मुद्दाम भट्टीजवळ नेऊन उभं करत. रस्त्याच्या कडेचा मऊ गोळा उचलून पोरं चघळत, तेही खुशाल.

काम कसं चालायचं? रस्ते बांधणं आणि दुरुस्त करणं बहुतेक ठिकाणी स्थानिक नगरपालिकेकडे, म्हणजे कौन्सिलकडे असे, आणि कामाला तिचीच माणसं असत. टिकाव, फावडी, हातगाड्या, एक मुकादम. चाकांवरच्या भट्टीत डांबर उकळायचं, खडी पसरायची, वरून डांबर ओतायचं, पुन्हा बारीक खडी टाकायची आणि मग रोलर फिरवायचा. १९५० च्या दशकात काही ठिकाणी हा रोलर अजून वाफेवर चालत होता. मागे कोळसा घालायचा, बाजूला पाणी भरायचं, आणि तो धापा टाकत पुढे-मागे सरकायचा. गल्लीतल्या पोरांना याहून मोठा तमाशा कुठला? सकाळी दहाच्या सुमाराला काम थांबे. या सुटीला तिकडे 'स्मोको' म्हणतात: सिगारेट ओढायची आणि चहा प्यायची वेळ. रस्त्याच्या कडेला जाळ करून त्यावर 'बिली' नावाचा पत्र्याचा डबा ठेवायचा, पाणी उकळलं की त्यात मूठभर चहापत्ती. एक गल्ली करायला दिवसच्या दिवस लागत. तोवर त्या माणसांचे चेहरे, आवाज, शिव्यासुद्धा शेजाऱ्यांना पाठ होत.

रात्री खणलेल्या जागेभोवती लाकडी घोडे उभे करून त्यांवर लाल काचेचे रॉकेलचे कंदील टांगत. बॅटरीवर लुकलुकणारे दिवे नव्हते, त्यामुळे कंदील विझले तर अंधारात माणूस थेट खड्ड्यात. म्हणून मोठ्या कामावर रखवालदार ठेवत. त्याची छोटी झोपडी, समोर कोकची शेगडी, रात्रभर कंदिलांत रॉकेल घालायचं, वाऱ्यानं विझलेला पुन्हा लावायचा. उशिरा घरी परतणारे त्याच्या शेगडीपाशी हात शेकायला थांबत. खड्ड्याला सोबतीला माणूस असायचा, ही कल्पना आज किती दूरची वाटते.

उन्हाळा तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी. पारा चाळीसच्या वर गेला की डांबर मऊ होई. यामागचं कारण साधं आहे. डांबर दगडासारखं घट्ट दिसत असलं तरी खरं तर तो अतिशय दाट द्रव आहे. तापलं की त्याचा दाटपणा उतरतो, वरून चाकं दाबत असतात, खडी खाली बसते आणि डांबर वर येऊन चमकू लागतं. अनवाणी पोरांच्या पायांना ते चिकटायचं. मग घरी आल्यावर आई लोणी नाहीतर रॉकेल चोळून ते काढी, आणि पाठीत एक धपाटाही घाली.

सिडनीची गोष्ट वेगळी होती. तिथले मुख्य रस्ते एकेकाळी लाकडाचे होते. घोड्यांच्या नाला आणि लोखंडी धावेची चाकं दगडावर आपटून जो खणखणाट होई, त्यानं दुकानदार आणि वकील जेरीस आले होते. १८८० पासून तिथे लाकडी ठोकळे बसवायला सुरुवात झाली. टर्पेंटाइन, ब्लॅकबट, टॅलोवुड ही तिकडची कठीण झाडं. विटेएवढे ठोकळे कापायचे, डांबरात बुडवायचे आणि काँक्रीटवर उभे बसवायचे. उभे का? खाटकाचा ओंडका आठवा. झाडाच्या धाग्यांची टोकं वर असली की घाव बसला तरी लाकूड चिरत नाही, धागे दाबले जाऊन पुन्हा सावरतात. आडव्या फळीचे मात्र पापुद्रे निघतात. रस्त्यालाही तोच न्याय. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं जॅरा लाकूड तर याच कामासाठी लंडनच्या रस्त्यांपर्यंत गेलं, आणि रेल्वेचे स्लीपर म्हणून आपल्याकडेही आलं.

रस्ता शांत झाला खरा, पण लाकूड ते लाकूड. पावसात फुगायचं, फुगलं की ठोकळे मधेच उचलले जायचे. ओलं झालं की घसरडं. घोड्यांचं मूत मुरून दुर्गंधी यायची ती वेगळीच. मोटारी आल्या, त्यांची चाकं रबराची. खणखणाट आपोआप गेला आणि लाकडाची मुख्य गरजही संपली. १९३० च्या दशकापासून पुढे ठोकळे उखडले गेले किंवा त्यांच्यावरच डांबर ओतलं गेलं. उखडलेले ठोकळे लोक घरी नेत. मंदीच्या वर्षांत, हाताला काम नसताना, डांबरात मुरलेलं हे लाकूड म्हणजे फुकटची ऊब. ते भडकून जळे आणि धुराडं काजळीनं भरून टाकी. आधी ज्याच्यावरून चालले तोच रस्ता लोकांनी शेकोटीत घातला. आजही सिडनीत जुना रस्ता खोल खणला की कधीमधी त्या ठोकळ्यांची रांग वर येते.

मेलबर्नला लाकडाइतकाच दगडाचा आधार होता. त्याला तिकडे ब्लूस्टोन म्हणतात, पण तो आपला ओळखीचा बेसॉल्टच, सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा आहे त्या जातीचा. आपला वयानं कितीतरी मोठा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडचा त्या मानानं अगदी अलीकडचा. मेलबर्नच्या पश्चिमेला आणि उत्तरेला लाव्ह्याचं पठारच पसरलेलं आहे, त्यामुळे खाणी शहराला लागूनच होत्या. पेंट्रिज तुरुंगातले कैदीही हा दगड फोडत. आमच्या घरामागच्या गल्लीत तो अजून उघडा आहे. गल्ली दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरती आहे, पन्हळीसारखी, म्हणजे पावसाचं पाणी घरांच्या भिंतींना न लागता मधून वाहून जातं. चिऱ्यांच्या कडा चाकांनी गोल झाल्या आहेत. पाऊस पडून गेला की मला हटकून वाड्याच्या अंगणातल्या फरशीची आठवण येते.

या गल्ल्या मुळात कशासाठी होत्या, हे फार जण सांगत नाहीत. आपल्याकडे टोपलीचे संडास होते, तसेच तिकडेही होते. परसातल्या खोपटाच्या मागच्या भिंतीला खाली एक छोटं दार. रात्री गाडी येई, माणूस त्या दारातून डबा ओढून काढी आणि रिकामा सरकवी. मेलबर्नला १८९७ पासून भुयारी गटारं मिळू लागली आणि जुन्या भागातली ही छोटी दारं विटांनी बुजवली गेली. त्यांचे चौकोन अजून भिंतींवर दिसतात. पण महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या नव्या वस्त्यांत, आणि सिडनी-ब्रिस्बेनच्या कितीतरी उपनगरांत, डबा उचलणारा माणूस १९६० च्या दशकातही येतच होता. नाताळात तो दारात एक छापील कविता ठेवून जाई आणि लोक त्याच्यासाठी बिअरच्या बाटल्या ठेवत. ही त्याची दिवाळीची पोस्तच. त्या कवितांची लोक आज प्रेमानं आठवण काढतात, आणि मला ते ऐकताना दर वेळी आपल्याकडची आठवण होऊन घशाशी येतं. तिकडे ते काम नोकरी होतं. आपण ते एका जातीच्या माथी मारलं, आणि तिच्यासाठी कविता ठेवायची सोय नव्हती.

नव्या उपनगरांत रस्तेसुद्धा नव्हते. युद्ध संपलं, लग्नं झाली, पाव एकराचे प्लॉट विकले गेले, घरं उठली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये होल्डन ही देशात बनलेली मोटार आली, १९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग संपलं. पण दारापुढे चिखलच. मेलबर्नमध्ये तर नव्या गल्लीचा पक्का रस्ता करायचा खर्च बहुतेक वेळा त्या गल्लीत घर असणाऱ्यांकडूनच वसूल होई. ज्याच्या प्लॉटची रस्त्याकडची लांबी जास्त त्याचा वाटा मोठा. कर्जात बुडालेली कुटुंबं म्हणत, राहू दे चिखल आणखी दोन वर्षं. स्टेशनापर्यंत गमबूट घालून जायचं, तिथे चकचकीत बूट चढवायचे आणि गाडीनं ऑफिस गाठायचं. ब्रिस्बेनमध्ये क्लेम जोन्स १९६१ साली महापौर झाले आणि गटारं नि पक्के रस्ते या दोन गोष्टींच्या मागे लागले. तिथले लोक अजून त्यांचं नाव त्यासाठी घेतात. अशा गल्लीत एखाद्या सकाळी भट्टी आणि रोलर येऊन उभे राहिले, तर पोरं नाचणार नाहीत तर काय करतील? रस्त्याच्या कामाची हौस कुठून आली, ते मला इथे कळलं.

ट्राम गेल्या, त्याचा चटका मात्र निराळा. १९४५ च्या सुमाराला सिडनीच्या ट्रामनं वर्षाला ४० कोटींहून जास्त प्रवास होत. १९५८ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवरच्या बंद झाल्या आणि २५ फेब्रुवारी १९६१ ला शहरातली शेवटची ट्राम धावली. अ‍ॅडलेडनं १९५८ मध्ये एक ग्लेनेलगची लाइन तेवढी ठेवली, पर्थनं त्याच वर्षी सगळ्या काढल्या, ब्रिस्बेननं १९६९ मध्ये. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, म्हणजे वारं सगळीकडे एकच होतं. मोटारवाल्यांना रस्ता मोकळा हवा होता. युद्धाच्या वर्षांत रूळ झिजले होते, डबे जुने झाले होते, नव्यानं करायचा तर खर्च प्रचंड. सिडनीत कितीतरी ठिकाणी रूळ काढलेच नाहीत, त्यांच्यावर डांबर ओतलं. तिथल्याच रँडविक या उपनगरात ट्रामचे लाकडी डबे रांगेनं जाळले.

मेलबर्ननं त्या का ठेवल्या? एक कारण रुंदीचं. रॉबर्ट हॉडल यांनी १८३७ मध्ये आखलेले तिथले मुख्य रस्ते ९९ फूट, म्हणजे तीस मीटर रुंद आहेत. ट्राम मधून गेली तरी दोन्ही कडांना मोटारी मावतात. दुसरं कारण एका माणसाचा हट्ट. सर रॉबर्ट रिसन १९४९ पासून १९७० पर्यंत ट्राम मंडळाचे अध्यक्ष होते. पेशानं इंजिनिअर, लष्करातून आलेले. १९५५ मध्ये, जग ट्राम उखडत असताना, त्यांनी बर्क स्ट्रीटवर बस काढून ट्राम सुरू केली. पुढच्या वर्षी तिथे ऑलिंपिक होतं. रूळ त्यांनी काँक्रीटमध्ये घट्ट बसवून घेतले. उद्या कुणी काढायचं म्हटलं तर उकरण्याचाच खर्च डोईजड व्हावा. रस्त्याचं बांधकाम हे राजकारण कसं असतं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर ट्राम परत आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, एकसष्ट वर्षांनी, कित्येक अब्ज डॉलर खर्चून.

एक छोटी गोष्ट सांगायला हवी, ती मला फार आवडते. मेलबर्नच्या काही चौकांत तेव्हा मार्शलाइट नावाचे सिग्नल होते, चार्ल्स मार्शल यांच्या कल्पनेचे. खांबावर घड्याळासारखी मोठी तबकडी, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे, आणि फिरणारा एक काटा. काटा ज्या पट्ट्यावर, तो सिग्नल. त्यामुळे आणखी किती वेळ थांबायचंय ते लांबूनच कळे. आज आपल्या शहरांत सिग्नलवर सेकंद उलटे मोजणारे आकडे असतात, त्यांचा हा पूर्वज. काट्याचा वेग मात्र ठरलेला, गर्दी असो नसो, आणि वाहनं वाढल्यावर तेच नडलं. १९७० च्या दशकात ते गेले.

या सगळ्या आठवणींतून बरंच काही गळूनही जातं. १९४७ पासून युरोपातले सुमारे १ लाख ७० हजार निर्वासित ऑस्ट्रेलियानं आणले, त्यांना दोन वर्षं सरकार सांगेल ते काम करायची अट होती. शिकलेली माणसंही कागदावर 'मजूर' झाली आणि टिकाव घेऊन चरात उतरली. मागून इटालियन आणि ग्रीक आले. आपल्याला तर दारच बंद होतं: १९०१ च्या कायद्यानं गोऱ्यांखेरीज कुणाला स्थायिक होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, ते १९६६ पासून सैल झालं आणि १९७३ मध्ये संपलं. त्या काळचे रस्त्यांचे फोटो बघताना मी माझ्यासारखा चेहरा शोधतो, तो जवळजवळ कुठेच दिसत नाही. आणि जे होते ते सुखी होते का? जॉन ब्रॅक यांचं १९५५ चं 'कॉलिन्स स्ट्रीट, संध्याकाळचे पाच' हे चित्र मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ऑफिस सुटलेली माणसं एकाच दिशेनं चालली आहेत, चेहरे पिवळट, कुणी कुणाकडे बघत नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. आजोबांना ते चित्र मुळीच आवडत नाही. "आम्ही असे नव्हतो," एवढंच म्हणतात.

त्या काळच्या फूटपाथवर एका माणसानं सगळ्यांपेक्षा वेगळं काम केलं. आर्थर स्टेस. दारूत वाया गेलेलं तारुण्य, शिक्षण जवळपास नाहीच. १९३२ च्या सुमारास चर्चमधलं एक प्रवचन ऐकून त्यांनी खडू उचलला आणि सिडनीच्या फूटपाथवर एकच शब्द लिहायला सुरुवात केली: 'इटर्निटी', म्हणजे अनंतकाळ. पहाटे अंधारात निघायचे, वाकून वळणदार सुबक अक्षरात लिहायचे आणि पुढे जायचे. पस्तीस वर्षांत सुमारे पाच लाख वेळा लिहिलं असं मानतात. हे कोण लिहितं ते १९५६ पर्यंत लोकांना ठाऊकही नव्हतं. १९६७ मध्ये ते गेले. पावलांनी, पावसानं आणि नव्या डांबरानं ती अक्षरं केव्हाच पुसली. मुख्य टपाल कार्यालयाचा घड्याळाचा मनोरा युद्धाच्या वेळी हवाई हल्ल्याच्या भीतीनं उतरवून ठेवला होता. १९६० च्या दशकात तो परत चढवताना मोठ्या घंटेच्या आतल्या बाजूला त्यांच्या हातचा तो शब्द सापडला. ते तिथवर कसे पोचले कुणास ठाऊक. तो खडू मात्र अजून तिथे आहे.